दोन सीटच्या गाडीचा वाजवी भाव

फोन आला तेव्हा धाकटा एका खोटारड्या गाडीच्या पोटाखाली उताणा पडला होता. वरून बघावं तर गाडी कशी, नुकतीच न्हाऊनमाखून, पावडर-बिवडर लावून फोटोला बसलेली. आणि खालून बघावं तर सांध्यासांध्याला गंज, आणि गंजावर घाईघाईने फासलेला काळा रंग अजून बोटाला लागतोय. जुन्या गाड्यांच्या बाजारात गेली बावीस वर्षं धाकट्याचं कामच हे. गाडीचं खरं वय काय, ती कुठे पडली, कुठे आपटली, कुणी तिला रडवलं आणि कुणी तिचे डोळे पुसून परत उभी केली, हे सगळं शोधायचं आणि शेवटी एक आकडा सांगायचा. बाजारात त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. त्याला म्हणतात भिंग. 'भिंग आलं' असं फाटकापाशी कुणी पुटपुटलं, की दलाल आपापल्या गाड्यांकडे अशा चेहऱ्याने बघतात, जसं गृहपाठ न केलेली पोरं दप्तराकडे. तर फोनवर थोरला होता. त्याने सांगितलं की घर एकदाचं विकलं गेलं, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी तो आणि वहिनी लेकीच्या इमारतीत राहायला जाणार, सहावा मजला, लिफ्ट आहे म्हणून वहिनी खूश, पण गाडी ठेवायला जागा एकच आणि ती जावयाने आधीच अडवलेली. म्हणजे आपल्या दोघांच्या त्या गाडीचं काय ते बघायला हवं. धाकटा 'हं, हं' करत होता आणि एका बोटाने गंज खरवडत होता. मग थोरला म्हणाला, "आईचा नियम लावू. रविवारी ये. भाव तू सांग. घ्यायची की द्यायची ते मी सांगतो." आणि हसून त्याने फोन ठेवला. धाकट्याने उठायला मान वर केली आणि कपाळ सायलेन्सरवर असं काही आपटलं की दोन मिनिटं त्याला डोळ्यांपुढे नुसते पिवळे ठिपके दिसत होते. बावीस वर्षांत तो गाडीखाली आहे हे विसरून उठला, असं आज पहिल्यांदा झालं.

आईचा नियम फार साधा होता. कलिंगड असो, केक असो, नाही तर खिडकीजवळची जागा असो, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. थोरला मुद्दाम वेडंवाकडं कापायचा आणि मोठी फोड धाकट्याला उचलू द्यायचा. धाकटा मात्र कंपासपेटीतली पट्टी आणून, खुणा करून कापायचा, आणि आई म्हणायची, हा मोठेपणी एक तर न्यायाधीश होईल नाही तर कंजूष. गाडीला तोच नियम लावला तर असं, की धाकट्याने भाव सांगायचा आणि मग थोरला एक तर म्हणणार 'घेतली', म्हणजे निम्मे पैसे धाकट्याच्या हातावर ठेवून गाडी त्याची. नाही तर म्हणणार 'दिली', म्हणजे निम्मे पैसे धाकट्याने मोजायचे आणि गाडी घेऊन जायची. भाव कमी सांगावा तर थोरला 'घेतली' म्हणेल, जास्त सांगावा तर 'दिली' म्हणेल. फक्त वाजवी भाव सांगणाऱ्यालाच झोप लागेल. नियम इतका सरळ, की त्यात लपायला कोपराच नाही. आणि धाकट्याला तर अठरा वर्षांपासून एक कोपरा हवा होता.

गाडी होती दोन सीटची, दोन दारांची, बाटलीसारखी हिरवी, बसलं की रस्ता थेट पार्श्वभागाखालून जातोय असं वाटायला लावणारी. एका दातांच्या डॉक्टरांनी हौसेने घेतलेली, ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी अंगणात सडवलेली. दोघा भावांनी पगार एकत्र करून ती भंगाराच्या भावात उचलली, तेव्हा बाबा म्हणाले होते, चार माणसांच्या घरात दोन सीटची गाडी, म्हणजे दोघांना कायम पायी चालायचं. तीन वर्षं दर रविवारी दोघे तिच्यात डोकं घालून बसायचे. थोरला इस्पितळात वायरमन, त्यामुळे तारा त्याच्याकडे. धाकटा तेव्हा गॅरेजात शिकत होता, त्यामुळे इंजिन याच्याकडे. ज्या दिवशी ती पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी थोरला बोलला काहीच नाही, फक्त दिवे लावत होता, विझवत होता, लावत होता. आता अशा गाड्यांची हौशी माणसांत फॅशन निघाली आहे. भंगारातली ती भवानी आज थोरल्याच्या तीन वर्षांच्या पगाराइतकी झाली आहे. बाजारात गेल्या वर्षभरात तशा तीन गाड्या विकल्या गेल्या, तिन्ही धाकट्याने स्वतः तपासलेल्या, आणि त्या हिशोबाने ही, न ठोकलेली, इतकी वर्षं एकाच घरातली, कोरड्या गॅरेजात ठेवलेली, नऊ लाखांची. आणि हीच जर एका बाजूने जबर ठोकून दुरुस्त केलेली असेल तर सहा. हा मधला तीन लाखांचा खड्डा घरात फक्त दोन माणसांना माहीत होता, आणि त्यातलं एक माणूस चार वर्षांपूर्वी गेलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस धाकटा त्या खड्ड्याभोवती फिरत राहिला. बायको म्हणाली, जगाच्या गाड्यांचे भाव चुटकीसरशी सांगतोस आणि घरच्या गाडीला घाम फुटलाय होय? तिला वाटलं याला गाडी हवी आहे. मुलालाही तसंच वाटलं, त्याने तर भिंतीवर गाडीचं चित्रसुद्धा लावलं. धाकटा जेवताना नऊ म्हणायचा आणि आंघोळ करताना सहा. नऊ सांगितले आणि थोरल्याने 'घेतली' म्हटलं, तर थोरला साडेचार लाख देऊन सहा लाखांची गाडी घेणार, आणि मग ती दुसऱ्या कुठल्यातरी भिंगाकडे विकायला नेणार, आणि ते भिंग त्याला सांगणार. ते ऐकतानाचा थोरल्याचा चेहरा धाकट्याला साबणाच्या फेसात दिसायचा. नऊ सांगितले आणि तो 'दिली' म्हणाला, तर आपल्याच थापेचे पैसे आपण भरायचे. ते चालेल, उलट बरं वाटेल, पण ते पैसे एकट्या आपले नाहीत, त्यात बायकोच्या शिलाईचे आहेत. आणि सहा सांगितले, तर थोरला विचारणार, सहाच का? बाजारात कुणीही विचारेल. आकडा ओठाबाहेर पडायचा अवकाश, समोरचा दलाल असो नाही तर नवशिका, पहिला प्रश्न एकच, 'कुठे ठोकलीय?' शनिवारी दुपारी, एका गाडीच्या टायरवरचे तारखेचे चार आकडे वाचता वाचता, धाकट्याला एकदम सुचलं की हेच तर हवं आहे. आपल्या तोंडून ते निघत नाही, या तीन दिवसांत तीनदा थोरल्याचा नंबर लावला, तीनदा वाजायच्या आत तोडला. तर मग तोंड कशाला लागतं? आकडा बोलेल. सहा म्हणायचं आणि गप्प बसायचं. प्रश्न आपल्या पायांनी चालत येईल, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला काय, ते तर आपलं रोजचं काम. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या दिवशी एका दलालाचा खोटा किलोमीटरचा काटा हसत हसत माफ केला.

रविवारी सकाळी थोरल्याच्या घरी सगळीकडे खोके. जिन्यात खोके, दारात खोके, आणि प्रत्येक खोक्यावर वहिनीच्या अक्षरात 'स्वयंपाकघर – जपून' असं लिहिलेलं, अगदी चपलांच्या खोक्यावरसुद्धा. थोरला बनियनवर, डोक्याला फडकं बांधून, वरच्या खोलीतला पंखा उतरवत होता. धाकटा एकटाच गॅरेजात गेला. गॅरेज म्हणजे काय, घर आणि शेजारच्याची भिंत यांच्यामधली एक पट्टी, वर पत्रा, पुढे शटर. गाडी एका भिंतीला इतकी चिकटवून लावलेली की शेजारच्या सीटचं दार वीतभरच उघडायचं. वहिनीला बसायचं असेल तर थोरला आधी गाडी बाहेर काढायचा आणि मग तिच्यासाठी दार धरून उभा राहायचा, कायम, पंचवीस वर्षं, दरबारी थाटात. धाकट्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर खिशातून काढलं. सवयीने पुढच्या बंपरपासून सुरुवात केली आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघाला. बॉनेट, एकशे चाळीस मायक्रॉन. ड्रायव्हरच्या बाजूचं मडगार्ड, एकशे पंचेचाळीस. दार, एकशे चाळीस. हा रंग त्या दोघांनीच मारला होता, तोंडाला रुमाल बांधून, आणि थोरल्याच्या एका भुवईला महिनाभर हिरवी कडा होती. मागची डिकी, एकशे अडतीस. मग तो भिंत आणि गाडी यांच्या मधल्या फटीत पोट आत ओढून शिरला, हात लांब केला, आणि मीटर शेजारच्या दाराला टेकवलं. चारशे दहा. त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी यंत्राने तो आकडा इतक्या निर्विकारपणे दाखवला, की त्या फटीत त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही. पाठीला भिंतीचा गारवा, पोटाला पत्र्याचा गारवा, आणि मधे तो, जणू त्यालाच कुणीतरी दोन पानांत दाबून ठेवलेलं.

अठरा वर्षांपूर्वी एका बुधवारी थोरला कामावर होता, घरात बाकी कुणी नव्हतं. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि गाडीकडे बघत होते. त्यांना गाडीत बसवायचं थोरल्याचं 'पुढच्या रविवारी' हे दोन वर्षं चाललं होतं. त्याला आधी सीटची कव्हरं बदलायची होती, बाबांना फाटक्या सीटवर कसं बसवायचं. धाकट्याने किल्ली घेतली. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, जणू लग्नाला निघाले आहेत. गावाबाहेर पडल्यावर ते म्हणाले, याहून जोरात जाते का रे? जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस, आवाज कधी चढवला नाही, रस्ता ओलांडताना दोनदा दोन्हीकडे बघणारा, तो हे विचारतो आहे याचंच धाकट्याला इतकं हसू आलं, इतका आनंद झाला, की त्याने पाय दाबला. पाण्याच्या टाकीपाशी वळण होतं. गाडीची मागची बाजू हळूच, अगदी लाडात आल्यासारखी, बाहेर सरकली, आणि मग गाडी बाबांच्या बाजूने दगडी कठड्यावर आदळली. आवाज त्याला आठवत नाही. आठवतं ते बाबांचं 'अरेच्चा'. तेवढंच, कुणाच्या हातून चमचा पडला तर म्हणावं तसं. सीट खालून वाकून पुढे दाबली गेली होती आणि त्यांचा गुडघा डॅशबोर्डमध्ये होता. टॅक्सीत बाबा घामाने निथळत होते आणि बोलत होते ते फक्त गाडीबद्दल. थोरल्याला सांगू नकोस. जीव आहे त्याचा तिच्यात. तुम्हा दोघांत हिच्यावरून वाकडं आलं तर मी कुठे बघू? "जिन्यावरून पडलो म्हणू," ते म्हणाले, "जिना काही बोलत नाही." घरी जिन्याच्या खालच्या पायरीवर त्यांनी स्वतःच बूड टेकलं आणि पाय लांब केला. मग त्यांच्याच लक्षात आलं की पंचवीस वर्षं रोज चढणारा माणूस उगीच कसा पडेल, पडायला कारण हवं. त्या जिन्याला खिडकी नाही, दिवसासुद्धा बल्ब लावावा लागतो. धाकटा चार पायऱ्या चढला, हात वर केला, आणि जळता बल्ब दोन फेरे सैल केला. गरम होता. तो बोटांवर फुंकर मारत खाली आला, आणि अंधारात बापलेक थोरल्याची वाट बघत बसले.

पुढचं सगळं इतकं सुरळीत झालं, की तेच भयंकर होतं. थोरल्याने बाबांना पाठीवर घेऊन इस्पितळात नेलं, आपल्याच इस्पितळात, रात्रंदिवस तिथेच राहिला, आणि गाडीचा गिअरबॉक्स उघडलाय असं धाकट्याने सांगितल्यावर त्याने नुसती मान हलवली. तीन आठवड्यांत एका मित्राने दार, चौकट, मडगार्ड सगळं असं ठाकठीक केलं की थोरला काय, कंपनीचा माणूसही फसला असता. बाबांचा पाय कायमचा लंगडा झाला. भेटायला आत्या आली, गार दुधाचा पेला संपवला आणि म्हणाली, "वायरमनच्या घरात जिन्यात काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच बरं का." सगळे हसले, बाबासुद्धा. थोरल्याने स्टुलावर चढून बल्ब पिळला, दिवा लागला, आणि तो स्टुलावरून उतरेचना, बघतच राहिला त्याच्याकडे. महिन्याभरात त्याने इस्पितळात अर्ज दिला. तो तेव्हा ऑपरेशनच्या खोल्यांचे दिवे सांभाळायचा, पुढच्या वर्षी मुख्य वायरमन होणार हे चपराशालाही माहीत होतं. अर्जात त्याने लिहिलं, मला त्या खोल्यांवरून काढा आणि भांडारात टाका. सगळ्यांना वाटलं, बापाच्या सेवेसाठी सोपं काम मागितलं, काय गुणी मुलगा. तेव्हापासून तो भांडारात खोक्यातले बल्ब मोजतो. कुणाच्याही घरी गेला की बोलता बोलता हात वर करतो आणि जवळचा बल्ब किंचित पिळून बघतो. धाकट्याची पोरं म्हणतात, काका आला, आता दिवे मोजणार. धाकटा त्या हसण्यात अठरा वर्षं सामील होतो आहे. तीनदा सांगायला गेला, तीनदा बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मी आहे तोवर नको. आता ते नाहीत, आणि आता न सांगण्याला त्याच्याकडे दुसरं कुणाचंही नाव उरलेलं नाही.

वहिनीने हाक मारली तेव्हा तो फटीतून बाहेर आला, पाठीला चुना लागलेला. कप सगळे खोक्यात गेल्यामुळे चहा एका वाटीत, एका पेल्यात आणि औषधाच्या मापात आला, आणि वहिनी म्हणाली की ज्याला माप येईल त्याने कुरकुर करायची नाही, पुन्हा मिळेल. थोरला खोक्यावर बसला. त्याचे पाय लांबच लांब, कुठल्याच खोक्यावर मावत नव्हते. त्याने विचारलं, काय म्हणते तुझी यंत्रसामग्री? धाकट्याने पेला खाली ठेवला. आवाज बाजारातला निघाला, सपाट. "सहा," तो म्हणाला, आणि गप्प बसला. ठरवल्याप्रमाणे. वहिनीचा चमचा थांबला. तिच्या भाच्याने कुठेतरी वाचून तिला नऊ-दहा सांगितलं होतं, ते तिच्या भुवयांवर स्वच्छ लिहिलेलं होतं. आता विचार, धाकटा मनात म्हणत होता, आता विचार ना. कुठे ठोकलीय? एक शब्द. हवं तर नुसतं 'का' म्हण. थोरला वाटीतल्या चहाकडे बघत होता. मग त्याने वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून धाकट्याच्या पायांखालची जमीन सरकली. ती माया होती. थोरल्याने नुसतं ऐकलं होतं की आकडा लहान आहे. त्याने बघितलं होतं की भावाच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे, कपाळाला टेंगूळ आहे, आणि भाव सांगताना हा घाम पुसतो आहे. धाकट्याला गाडी हवी आहे आणि हात तंग आहे, एवढाच अर्थ त्याने लावला. जन्मभर वेडंवाकडं कलिंगड कापणाऱ्या माणसाला दुसरा कुठला अर्थ सुचणार?

"दिली," थोरला म्हणाला.

धाकटा म्हणाला की असं नको, आधी विचार तर, इतका कमी का ते. थोरल्याने हात झटकला. भिंगाने सांगितलेल्या भावावर बाजारात कुणी बोलत नाही म्हणे, मग मी कोण बोलणार? आणि तीन लाखांची घाई नाही, दोन वर्षांत दे, चार वर्षांत दे. वहिनी तोंड उघडणार होती, तेवढ्यात थोरल्याने तिच्याकडे बघितलं आणि तिने तोंडात चमचा घातला. पेल्याच्या तळाशी साखर होती. धाकट्याने ती चाटून चाटून खाल्ली, कारण दुसरं काहीतरी करायचं तर बोलावं लागलं असतं. जगातला सगळ्यात हुशार बेत त्याचा होता, आणि त्या बेतात एकच खोट होती, ती म्हणजे समोर दलाल हवा होता, तिथे भाऊ बसला होता. संशयाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. चांगुलपणाला नव्हतं.

मग थोरला उठला आणि फडकं काढत म्हणाला, चल, एक चक्कर मारून आण मला. पंचवीस वर्षं मीच चालवतोय, शेजारी कधी बसलोच नाही. आता गाडी तुझी, मी पाहुणा. गाडी बाहेर काढेपर्यंतही त्याला धीर नव्हता. शाळेतल्या पोरासारखा तो भिंतीलगतच्या फटीत शिरला, वीतभर उघडलेल्या दारातून एक पाय, मग खांदा, मग डोकं असं करत, हसत, कण्हत, एकदाचा आत जाऊन पडला आणि दार ओढून घेतलं. धाकटा दुसऱ्या बाजूने बसला. किल्ली लावली, फिरवली नाही. पत्र्याखाली उकडत होतं. थोरल्याचे गुडघे डॅशबोर्डला दाबले गेले होते, जवळजवळ हनुवटीपर्यंत आलेले. त्याने खाली हात घालून सीटचा खटका ओढला, मागे रेटा दिला. परत ओढला. वहिनी बुटकी, तिला कधी सीट मागे लागलीच नव्हती.

"ही मागे जात नाही का रे?" थोरल्याने विचारलं.

गंज, असं धाकट्याच्या ओठांवर तयार होतं. तेल सोडतो, होईल. दिवसातून दहा वेळा तो हे वाक्य दलालांच्या तोंडून ऐकायचा आणि त्यांच्याकडे बघून हसायचा. समोर शटरच्या चौकटीत रस्ता दिसत होता, एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती आणि कुत्रं बसकण मारून बसलं होतं. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि बोलायला लागला, पण जसा तो रोज बोलतो तसा, अहवाल वाचल्यासारखा, कारण दुसरी कुठली भाषा त्याला त्या क्षणी येतच नव्हती. पुढचा बंपर मूळचा. बॉनेट मूळचं, रंग एकशे चाळीस. ड्रायव्हरची बाजू स्वच्छ. डिकी स्वच्छ. शेजारचं दार पुट्टी भरून केलेलं, चारशे दहा. शेजारची चौकट कापून जोडलेली. सीटची खालची पट्टी वाकलेली, ती बदलायची राहिली, तेव्हा तसले सुटे भाग मिळत नव्हते. "बाबा तिथे बसले होते, दादा. जिन्यावरून ते पडलेच नाहीत." आणि मग तो थांबू शकला नाही. टाकीपाशीचं वळण, टॅक्सी, खालची पायरी. जिन्यातल्या बल्बपाशी आल्यावर मात्र त्याने उजवा हात वर करून नुसता फिरवून दाखवला.

थोरला खटक्यावरचा हात न काढता तसाच वाकलेला राहिला. घरात वहिनी चिकटपट्टी फाडत होती, तिचा लांबलचक चर्र आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. धाकट्याला वाटलं आता तो ओरडेल, आणि त्याने मनापासून त्याची वाट बघितली.

"किती फेरे?" थोरल्याने विचारलं.

"दोन."

थोरला सरळ झाला. सीट त्याला सरळ होऊ देत नव्हती, तरी जितका झाला तितका. तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता, अगदी हळू, भांडारातला माल मोजावा तसा. "त्या दिवशी सकाळी मी नवा लावला होता तो. लावला, विझवला, परत लावला. साडेतीन फेरे दिले होते." तो थांबला. "मला पक्कं आठवत होतं. पण तुम्ही सगळे सांगत होता अंधार होता म्हणून. मग मी म्हटलं, माझाच हात खोटा."

धाकटा त्याच्याकडे वळला. नऊ, सहा, तीन, असले आकडे त्याच्या डोक्यातून कुणीतरी केराच्या सुपलीत भरून नेल्यासारखे गेले, आणि मागे जे उरलं त्याचा भाव बाजारात कुणालाच सांगता आला नसता. थोरल्याने आपला उजवा हात मांडीवरून उचलला. तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. तो हात हवेत सावकाश फिरायला लागला, एक, दोन, तीन, आणि मग अर्धा. आणि तिथेच थांबला, घट्ट. थोरला त्या हाताकडे असा बघत होता, की जणू तो कुणी अठरा वर्षांनी सुटून आलेला माणूस आहे आणि त्याला ओळख दाखवावी की नाही हे ठरत नाही. त्याच्या बाजूला भिंत होती. गाडी बाहेर काढल्याशिवाय त्याला उतरता येणार नव्हतं, आणि किल्ली फिरवायला धाकट्याचा हात उठत नव्हता.